टॅबची बॅटरी टिकत नाही? नवा घेण्याआधी या चुका टाळा

आईचा टॅब दुपारभर चार्जिंगला लावलेला असायचा आणि तरी संध्याकाळी चाळीस टक्क्यांच्या वर जायचा नाही. "संपलं याचं आयुष्य, आता नवाच बघ," असं तिने ठरवून टाकलं होतं. मीही किमती बघायला लागलो होतो. मग घरी गेल्यावर ओट्याशेजारच्या प्लगला लावलेला चार्जर हातात घेऊन पाहिला. तो बाबांच्या जुन्या फोनचा होता.

पहिली चूक: चार्जर न बघता बॅटरीला दोष देणं

हा हिशेब एकदा मांडून बघा, कारण बहुतेक घरांत तो चुकलेला असतो. 2018 च्या सहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये 32.4 वॅट-तासांची बॅटरी आहे आणि ती 10 तास चालेल असं कंपनी सांगते. म्हणजे चालू असताना टॅब सरासरी सव्वातीन वॅट खातो. जुन्या फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 5 व्होल्ट, 1 अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम 5 वॅट. मालिका बघत बघत त्यावर चार्ज केलं, तर बॅटरीच्या वाट्याला दोन वॅटही येत नाहीत. त्या वेगाने रिकामी बॅटरी भरायला अठरा तास लागतील. त्याच टॅबला 12 वॅटचा चार्जर लावून स्क्रीन बंद ठेवली तर तीन-चार तासांत काम होतं.

केबलचंही तसंच. मानेशी वाकून वाकून आतल्या तारा तुटलेल्या असतात. चार्जिंगची खूण दिसते, पण वीज थेंबाथेंबाने जाते. चार्जिंगच्या भोकात साचलेला कापसासारखा धूळकट गोळाही पिन नीट बसू देत नाही. टॅब बंद करून लाकडी दातकोरणीने तो हलक्या हाताने काढा. टाचणी किंवा सुई घालू नका, आतले संपर्क वाकतात.

दुसरी चूक: अंदाजावर निर्णय घेणं

"पूर्वीसारखी टिकत नाही" हे मोजमाप नव्हे. 2024 च्या एम4 आयपॅड प्रो आणि एम2 आयपॅड एअरपासून सेटिंगमध्येच बॅटरीचं आरोग्य दिसतं. जुन्या आयपॅडवर ते दिसत नाही. ॲपलच्या मॅक संगणकाला जोडून कोकोनटबॅटरीसारख्या प्रोग्रॅममध्ये पाहावं लागतं. अँड्रॉइडवर ॲक्युबॅटरी हे ॲप काही दिवसांच्या चार्जिंगवरून उरलेल्या क्षमतेचा अंदाज देतं.

यातलं काहीच जमत नसेल तर घरगुती चाचणी करा. टॅब पूर्ण भरा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा, आधी डाउनलोड करून ठेवलेला सिनेमा विमान मोडवर दोन तास चालवा. नवा असताना दहा तास चालणारा टॅब यात साधारण वीस टक्के उतरायला हवा. तीसच्या आत असेल तर बॅटरी वयाच्या मानाने बरी आहे. चाळीसच्या पुढे गेला तर बॅटरी निम्म्यावर आली असं धरा. आणि तीस टक्के दाखवत असताना टॅब अचानक बंद पडला, तर बॅटरी थकल्याचा तो बऱ्यापैकी स्पष्ट पुरावा आहे.

अजून एक रात्रीची चाचणी. झोपताना आकडा लिहून ठेवा, विमान मोड लावा, सकाळी पाहा. रात्रभरात दोन-तीन टक्केच उतरले, पण विमान मोडशिवाय पंधरा-वीस उतरतात, तर गुन्हेगार एखादं ॲप किंवा कमजोर सिग्नल आहे. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कोणतं ॲप किती खातं ते दिसतंच. नवं अपडेट घेतल्यावर एक-दोन दिवस टॅब आतल्या आत काम करत असतो, तेव्हा ही चाचणी करू नका.

फुगलेली बॅटरी: इथे चर्चा नाही

स्क्रीनची एक कड उचललेली दिसते, कव्हर पूर्वीसारखं बंद होत नाही, टॅब टेबलावर ठेवला की डुलतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर चार्जिंग त्या क्षणी थांबवा. कड दाबून बसवू नका, टोचू नका, "अजून चालतोय की" म्हणून मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका. लिथियम बॅटरीत आत वायू साठल्याने ती फुगते आणि दाबली गेली तर पेटू शकते. गादी, कागद यांपासून लांब, कडक फरशीवर ठेवून लवकरात लवकर जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक

बॅटरी म्हातारी होणं आणि टॅब म्हातारा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅटरी बदलता येते. प्रोसेसर, रॅम आणि थांबलेली अपडेट बदलता येत नाहीत. पैसे वाया जातात ते या दोन्हींची गल्लत झाली की.

2014 चा आयपॅड एअर 2 आयपॅडओएस (आयपॅडची ऑपरेटिंग सिस्टम) 15 वर थांबला, 2018 चा सहाव्या पिढीचा आयपॅड 17 वर. अँड्रॉइड 8 आणि 9 साठी क्रोम ब्राउझरची शेवटची आवृत्ती 138. पुढच्यांना अँड्रॉइड 10 लागतं. अशा टॅबवर बँकेचं ॲप चालवायचं असेल तर नवी बॅटरी टाकण्यात अर्थ नाही. पण तोच टॅब फक्त पीडीएफ वाचायला, उतरवलेली भजनं ऐकायला, नातवंडांच्या चित्रांना लागत असेल, तर नवी बॅटरी त्याला आणखी दोन-तीन वर्षं सहज देईल. म्हणून आधी रोजची तीन-चार कामं लिहा आणि त्या ॲपना आजचा टॅब चालतो का, ते पाहा. माझा स्वतःचा ठोकताळा: ॲप चालतात आणि बॅटरी बदलायचा खर्च तशाच नव्या टॅबच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे, तर बॅटरी बदला.

बदलायची ठरली तर

टॅबची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते आणि बऱ्याच टॅबमध्ये स्क्रीन उचलल्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून कामाला देण्याआधी विचारा: उघडताना काच गेली तर खर्च कोणाचा? बॅटरीवर किती महिन्यांची वॉरंटी? भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला आयएस 16046 या मानकाखाली नोंदणी लागते. बॅटरीवर तो क्रमांक दिसत नसेल तर ती टाकू देऊ नका. फोटोंचा बॅकअप आदल्या दिवशीच घ्या.

नवी बॅटरीही जुन्या सवयींनी लवकर थकेल. तिला सगळ्यात जास्त मारते ती उष्णता. ॲपल आपल्या टॅबसाठी वापराची मर्यादा 35 अंश सांगते, आणि विदर्भ-खानदेशातल्या मे महिन्यात ती सावलीतही ओलांडली जाते. उन्हात उभी असलेली गाडी, कुकरशेजारचा प्लग, उशीखालचं चार्जिंग टाळा. बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा भरून, बंद करून ठेवा.

नवाच घ्यायचा ठरवलात तर जुन्याला भिंतीवर लटकवून चोवीस तास प्लगमध्ये फोटोफ्रेम करू नका. थकलेली बॅटरी फुगायची ती अशानेच. देण्याआधी खात्यातून साइन आउट करून फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर पुढच्याला तो उघडणारच नाही. अगदी निकामी असेल तर रोजच्या कचऱ्यात नको. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याचा पुनर्वापर ही उत्पादकांची जबाबदारी आहे. तो नोंदणीकृत संकलन केंद्रातच द्या.

आईच्या टॅबला योग्य चार्जर लावून दोन तासांची चाचणी घेतली. सत्तावीस टक्के उतरला. चार्जर ओट्यावरून बैठकीच्या खोलीत आणला, बाबांच्या चार्जरवर चिठ्ठी चिकटवली, आणि किमतींची ती पानं बंद केली.