मनगटाला शॉकवेव्ह घेताय? या चुका टाळा

मनगटातल्या अरुंद बोगद्यात (कार्पल टनेल) नस दबल्याचं कळलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "मॅडम, शॉकवेव्ह आहे का तुमच्याकडे?" आहे. शॉकवेव्ह म्हणजे मशीनने कातडीवरून दिलेले दाबलहरींचे ठोके. पण मशीनआधी मी हात बघते, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच राहून जातं.

तळवा न बघता सीटिंग सुरू करणं

याची मला सगळ्यात जास्त चीड येते. शिवणकाम करणाऱ्या एक ताई कुठूनतरी दहा सीटिंगचं पॅकेज संपवून आल्या. रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या म्हणून खूश होत्या. दोन्ही तळवे शेजारी ठेवायला सांगितले, तर उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा बसलेला. टेबलावरची सुई चिमटीत येईना. सरकवत कडेपर्यंत नेली आणि डाव्या हाताने घेतली. मुंग्या कमी झाल्या त्या नस सुधारली म्हणून नव्हे, बोटं बधिर होत चालली होती म्हणून. पुढे ऑपरेशन करून नसेवरचा लिगामेंट (घट्ट पट्टा) कापून नस मोकळी केली. झोप परत आली, उंचवटा काही भरला नाही.

हात उताणा ठेवायचा, अंगठा छताकडे उचलायला लावायचा आणि वरून दाबून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण पॅकेजच्या घाईत तेवढीही सवड कुणाला नव्हती. स्नायू झिजलेला दिसला की मी मशीनला हात लावत नाही. एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) करायला सांगते आणि सर्जनकडे पाठवते. शॉकवेव्हचा विचार सौम्य ते मध्यम त्रासातच करायचा, आणि तिथेही पुरावा अजून लहान लहान अभ्यासांचाच आहे.

प्रेशर वाढवलं की लवकर गुण येतो, हा समज

ही आमच्या नव्या फिजिओंची खोड. टाचेसाठी लावलेलं सेटिंग तसंच मनगटावर! टाचेला जाड कातडी आहे, खाली चरबीची गादी आहे. मनगटात दबणारी ही मीडियन नस सेंटिमीटरभरही खोल नसते. त्यातून बहुतेक क्लिनिकमध्ये रेडियल मशीन असतं. त्यात हवेच्या दाबाने आतली गोळी टोकावर आपटते, आणि जोर सगळ्यात जास्त कातडीपाशीच असतो. "पेशंटला जाणवलं पाहिजे ना!" असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघावं. मी अगदी कमी दाबावर सुरू करते, पेशंटशी बोलत राहते, बोटांत झिणझिण उठली की जागा बदलते. सीटिंग आठवड्यातून एकच. "रोज या" म्हणणाऱ्यांना गल्ल्याची काळजी जास्त.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुंग्या फक्त करंगळीला असतील तर दोष मीडियन नसेचा नाही. कोपर आणि मान तपासा. शॉकवेव्ह चालू आहे म्हणून रात्रीचा स्प्लिंट (मनगट सरळ धरणारा पट्टा) काढून ठेवू नका, कारण झोपेत मनगट दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतोच. दोन्ही हातांना त्रास असेल तर थायरॉईड आणि शुगर बघून घ्या. गरोदरपणात हे मशीन नकोच. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर उतरतो, तोवर स्प्लिंट पुरे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा.

आणि चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून सेंटर बदलणारे! अहो, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बदलायचंच असेल तर निदान एनसीव्हीचा जुना रिपोर्ट सोबत न्या.