ऑनलाइन बुद्धिबळातला रडीचा डाव: शहानिशा कशी करायची, शिक्षा किती द्यायची

डाव १०+५ चा होता. म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंद वाढीव. एकविसाव्या चालीला समोरच्या मुलीचा वजीर फुकट पडला. तेरा वर्षांचं पोर असा वजीर बघता बघता उचलतं. या मुलाने आठ सेकंद घेतले, वजिराला हातही लावला नाही आणि हत्ती शांतपणे एच फाइलवर, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेत, नेला. तिथून अकरा चालींत मात. त्याच्या आधीच्या चालींचे वेळ मी वहीत उतरवून घेतले: ७, ६, ८, ७, ९, ६, ७. घोड्याने घोडा मारल्यावर परत मारायची एकच चाल असते, विचार करण्यासारखं काही नसतं. तिथेही सात सेकंद.

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वर्ग बंद पडला, तेव्हा दर रविवारी सकाळी नऊला लिचेस या फुकट बुद्धिबळ साइटवर सात फेऱ्यांची स्विस स्पर्धा सुरू केली, म्हणजे कुणी बाद होत नाही आणि दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या मुलांची गाठ पडते. ती अजून चालू आहे. सांगली, मिरज, इचलकरंजी, कराड इथली साठेक मुलं असतात. प्रवेश फी ५० रुपये, पहिलं बक्षीस ५०० रुपये. एवढ्याशा रकमेसाठी कोण लबाडी करणार, असं मलाही वाटायचं. पण मुलं करतात. पैशांसाठी कमी, रेटिंगसाठी, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यासाठी, आणि घरातल्या शाबासकीसाठी जास्त. आणि करणं फार सोपं झालंय. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला डीप ब्लू नावाचं कपाटाएवढं यंत्र लागलं होतं. आज स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे सगळ्यात चांगली चाल सांगणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतं, आईच्या मोबाइलवर चालतं आणि जगज्जेत्यालाही ऐकत नाही.

तुम्ही क्लबची, शाळेची किंवा सोसायटीची अशी स्पर्धा घेत असाल, तर इतक्या वर्षांत जी पद्धत बसली ती सांगते. ती बसण्याआधी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीही शेवटी सांगते.

नियम शुक्रवारीच पाठवा, आणि मराठीत. 'फेअर प्ले पाळावा' एवढ्याने कुणाला काही कळत नाही. मी असं लिहिते: डाव चालू असताना इंजिन, दुसरा मोबाइल, ओपनिंगचं म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक चालींचं पुस्तक, शेजारी बसलेल्या माणसाचा सल्ला यांतलं काही चालणार नाही. दुसऱ्याच्या खात्यावरून खेळायचं नाही, आपल्या खात्यावर दुसऱ्याला बसवायचं नाही. खाली शिक्षाही लिहिलेली असते. पालकांचं 'वाचलं' असं उत्तर आल्याशिवाय मी नाव घेत नाही. शिक्षा आधी सांगितलेली नसेल तर नंतर ती कितीही योग्य असो, समोरच्याला सूड वाटते.

तक्रार फक्त खासगीत घ्या. तक्रार करणाऱ्याने डावाची लिंक आणि कितव्या चालीला शंका आली तो आकडा द्यायचा. 'मॅडम, तो चीटर आहे' ही तक्रार नव्हे, तो हरल्याचा राग आहे. मुलांना हे एकदा समजावलं की निम्म्या तक्रारी आपोआप गळतात. ग्रुपवर कुणी नाव घेतलं तर तो मेसेज लगेच काढा आणि लिहिणाऱ्याला स्वतंत्र फोन करा.

आता तपासणी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

लिचेसवर डाव संपल्यावर विश्लेषण मागितलं की अचूकतेची टक्केवारी दिसते. बहुतेक आयोजक तिथेच फसतात. समोरच्याने दहाव्या चालीला घोडा फुकट दिला, तर पुढच्या चाली कुणीही बरोबरच खेळतो, आणि टक्केवारी ९८ येते. पाठ केलेला सापळा असेल तरीही तेच. शिवाय हिशेब करून बघा. साठ मुलं, सात फेऱ्या म्हणजे २१० डाव. प्रत्येक डावात दोघं खेळतात, म्हणजे ४२० वेळा कुणीतरी खेळलं. प्रामाणिक मुलाच्या हातूनही शंभरात एकदा घडेल अशी एखादी खूण तुम्ही पुरावा म्हणून धरलीत, तर एकाच रविवारी चार निरपराध मुलं तुमच्या जाळ्यात येतात. म्हणून एका डावावर कधीही निकाल द्यायचा नाही.

बफेलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रीगन या विषयात जगभर मानले जातात. ते स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत. त्यांच्या पद्धतीचं सार असं, की त्या रेटिंगच्या खेळाडूकडून इंजिनशी जेवढ्या चाली जुळायची अपेक्षा असते, त्यापेक्षा या खेळाडूच्या किती जास्त जुळल्या, ते बऱ्याच डावांवर मोजायचं. तसलं गणित आपल्याला झेपणार नाही. पण त्यातली दोन तत्त्वं झेपतात: मुलाची तुलना त्याच्याच कुवतीशी करायची, आणि भरपूर डाव बघायचे.

मी मागचे वीस डाव काढते. आधी चालींच्या वेळेचा आलेख बघते. खऱ्या मुलाचा आलेख ओबडधोबड असतो, सोपी चाल एका सेकंदात आणि अडलं की पाऊण मिनिट. इंजिन बघून खेळणाऱ्याला प्रत्येक चाल दुसरीकडे घालायची, उत्तर बघायचं, परत यायचं एवढं करावं लागतं, त्यामुळे आलेख एका उंचीचा होतो. मग गुंतागुंतीच्या जागा बघते, जिथे दोन-तीन चाली सारख्याच चांगल्या वाटतात आणि बरोबर एकच असते, आणि तो दर वेळी तीच खेळतो का. आणि शेवटी, वर्गात समोर बसून तो मुलगा कसा खेळतो ते आठवते. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या, तरच पुढे जाते.

पुढची पायरी मी माझ्या मुलाकडून घेतली. तो काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम खेळायचा. त्या खेळात २०१३ मध्ये ओव्हरवॉच नावाची सोय आली होती. अनुभवी खेळाडूंना संशयिताचा खेळ दाखवायचे, पण नाव झाकून, नुसतं 'संशयित' म्हणून. बघणाऱ्याला तो मित्र आहे की शत्रू हे कळायला मार्ग नाही. मी तेच करते. शंकेचे तीन डाव उतरवून घ्यायचे, नावं आणि तारखा पुसायच्या, चालींचे वेळ मात्र ठेवायचे. त्यात तेवढ्याच रेटिंगच्या इतर मुलांचे पाच स्वच्छ डाव मिसळायचे. हे आठ डाव दोन जाणकारांना वेगवेगळे पाठवायचे आणि विचारायचं, यातले कुठले खटकतात? माझ्यासाठी हे काम कोल्हापूरचे एक निवृत्त पंच आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी करतात. दोघांनी एकमेकांशी न बोलता तेच तीन डाव काढले, तरच मी घरी फोन करते. एकाने काढले आणि दुसऱ्याने नाही, तर विषय तिथेच मिटतो, आणि त्या मुलाला आपली तपासणी झाली होती हे कधी कळतही नाही. या कामाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर बक्षिसं थांबवते आणि ग्रुपवर एवढंच लिहिते, 'निकाल तात्पुरते आहेत, बुधवारी पक्के होतील.' हे वाक्य आता दर रविवारी असतंच, त्यामुळे त्यावरून कुणी काही ताडू शकत नाही.

फोन पालकांना करायचा आणि मुलाला शेजारी बसवायला सांगायचं. दोष सांगून सुरुवात करू नका. मी तीन चाली निवडते, त्यातली एक अगदी साधी असते, आणि विचारते, 'बाळा, ही चाल का सुचली ते सांग ना.' साध्या चालीचं कारण मूल पटकन सांगतं. एच फाइलच्या हत्तीला त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. पण घाबरून गप्प बसलेल्या मुलालाही उत्तर सुचत नाही, तेव्हा गप्प बसणं हा पुरावा धरू नका. लेखी म्हणणं मांडायला दोन दिवस द्या. त्या हत्तीवाल्या मुलाने कबूल केलं ते दुसऱ्या दिवशी, आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवून. तो मेसेज मी कुणालाही ऐकवलेला नाही.

शिक्षा ठरवण्याआधी ज्यांचं नुकसान झालं त्यांचं बघा. बहुतेक आयोजक हे विसरतात. लबाडी करणाऱ्याचे सगळे निकाल रद्द करते, आणि त्याच्याशी हरलेल्या किंवा बरोबरीत सुटलेल्या प्रत्येकाला पूर्ण गुण देते. लिचेसवरचा स्पर्धेचा तक्ता बदलत नाही, म्हणून आपल्या वहीत नवा तक्ता मांडायचा. यात एक अडचण आहे. स्विसमध्ये हरलेल्याला पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळतो, मग गुणही परत आणि प्रतिस्पर्धीही सोपे, असा दुहेरी फायदा होतो. दुसऱ्या एखाद्या मुलाचा तिसरा क्रमांक त्यामुळे जातो, आणि त्याची तर काहीच चूक नसते. मी अशा वेळी कुणाचंच बक्षीस काढून घेत नाही. प्रवेश फीतून एक जादा बक्षीस देते. दोनशे रुपयांत दोन घरं समाधानी राहतात. रेटिंगचं मात्र लिचेसवर सोडा. तिथे रीतसर तक्रार करा. त्यांच्या मॉडरेटरांनी खात्यावर ठपका ठेवला की हरलेल्यांचं गेलेलं रेटिंग तेच परत देतात.

माझं शिक्षेचं माप असं आहे. पहिल्यांदा सापडलं तर तीन रविवार बंद. स्वतःहून कबूल केलं तर एक. परत आल्यावर चार स्पर्धा झूमवर, मोबाइल बाजूला तिरका ठेवून, स्क्रीन आणि दोन्ही हात दिसतील असा. दुसऱ्यांदा सापडलं तर सहा महिने. बंदीच्या काळात नवं खातं उघडून आलं तर मुदत दुप्पट. कायमची बंदी मी पंधरा वर्षांखालच्या कुणालाही देत नाही. शिकायला आलेल्या मुलाला शिकायची जागाच बंद करणं मला पटत नाही, म्हणून वर्ग कुणाचाही बंद होत नाही. फक्त स्पर्धा बंद होते. निकाल मान्य नसेल तर त्या दोन जाणकारांखेरीज तिसऱ्याकडे अपील, आणि तिथे मी बोलत नाही.

पालकच सुचवत असतील तर? हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. मागे उभे राहून वडील कुजबुजतात, 'उंट काढ, उंट.' मुलाने नाही कसं म्हणायचं? निकाल रद्द करते, पण मुलाला बंदी नाही. पुढच्या दोन महिन्यांत त्याने वर्गाच्या खोलीत येऊन, माझ्या समोरच्या लॅपटॉपवर खेळायचं. वडिलांना चहा बाहेर मिळतो.

जाहीर काय करायचं, तर फक्त निकाल. 'फेरी २, ४ आणि ६ मधले तीन निकाल बदलले आहेत, नवा तक्ता जोडला आहे.' नाव नाही, कारण नाही. मुलं ओळखतातच, पण ओळखणं वेगळं आणि मॅडमनी लिहून देणं वेगळं. तो मेसेज दहा वर्षांनीही कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतो.

एका जागची शंका दुसऱ्या जागी वापरू नका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सेंट लुईसच्या सिंकफिल्ड चषकात तेव्हाचा जगज्जेता कार्लसन अमेरिकेच्या तरुण हान्स नीमनशी हरला आणि स्पर्धा सोडून गेला. वयाच्या बाराव्या आणि सोळाव्या वर्षी ऑनलाइन लबाडी केल्याचं नीमनने स्वतः कबूल केलं. चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळ साइटच्या ७२ पानी अहवालात शंभरहून अधिक ऑनलाइन डावांत त्याने मदत घेतली असण्याची शक्यता मांडली होती. पण समोरासमोरच्या पटावर त्याने लबाडी केल्याचं सिद्ध झालं नाही, आणि सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०२३ मध्ये कार्लसनलाच दहा हजार युरोंचा दंड केला. एकदा सापडलेल्या मुलाचा पुढचा प्रत्येक विजय संशयाने बघायची सवय आपल्याला लागते. परत आलेल्याचे डाव मी मुद्दाम इतरांपेक्षा जास्त तपासत नाही. तक्रार आली, तरच.

आता माझी चूक. ऑगस्ट २०२०. अकरा वर्षांच्या एका मुलीने सतरा चालींत आमच्या सगळ्यात चांगल्या मुलाला मात दिली. एफ सात या घरावर घोड्याचा बळी, राजा पटाच्या मध्यावर ओढून काढलेला, एकही चाल चुकली नाही. मी सकाळी ११.४० ला ग्रुपवर लिहिलं, 'हा डाव इंजिनचा वाटतो.' संध्याकाळी तिच्या आईने एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मामाने शिकवलेलं फ्राइड लिव्हर ओपनिंग, पेन्सिलने लिहिलेली चालींची ओळ न् ओळ, आणि एफ सातच्या घराभोवती दोनदा गिरवलेलं वर्तुळ.

मी लगेच फोन करून माफी मागितली. आई म्हणाल्या, 'असू दे मॅडम.' ग्रुपवर माफी लिहिली ती तीन दिवसांनी, तोवर सगळ्यांनी आपापलं मत करून घेतलं होतं. तुमच्याकडून असं झालं तर आरोप जिथे केला तिथेच, त्याच तासाला, मुलीचं नाव घेऊन लिहा की मी चुकले आणि तो डाव तिचा आहे. मग तिने हो म्हटलं तर तो डाव सगळ्यांना शिकवा. मला ते सुचलं तेव्हा तिने ग्रुप सोडला होता. लिचेसवर तिचं खातं अजून दिसतं. शेवटचा डाव त्याच रविवारचा, सातव्या फेरीचा आहे.