रात्री होडी काढताना दिव्यांच्या या चुका टाळा

रात्री समुद्रात होडी कुणालाच दिसत नाही, दिसतात ते तिचे दिवे. होडी केवढी आहे, कुठे चालली आहे, नांगरलेली आहे की जाळं ओढते आहे, हे सगळं समोरचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, त्या दिव्यांवरूनच ठरवतो. त्यामुळे ‘दिवा आहे ना लावलेला’ एवढ्यावर काम भागत नाही. चुकीचा दिवा समोरच्याला चुकीची माहिती देतो, आणि तो त्या माहितीवर विसंबून सुकाणू फिरवतो.

दिव्यांचे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमावलीत आहेत. फायबरच्या होडीपासून कंटेनर जहाजापर्यंत ते सगळ्यांना लागू होतात. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावायचेच, पण पावसाच्या सरीत किंवा धुक्यात दिसेनासं झालं तर दिवसाही लावायचे. ही दुसरी अट बरेच जण विसरतात.

‘माझी होडी लहान, एक पांढरा दिवा पुरे’

ही सवलत आहे, पण फार थोड्यांना. इंजिनाची होडी ७ मीटरपेक्षा लहान असेल आणि तिचा कमाल वेग ७ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटरच्या वर जात नसेल, तरच चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. तिथेही जमत असेल तर बाजूचे दिवे लावा, असं नियम सांगतो. मागे जरा जोरदार आउटबोर्ड इंजिन असलेली रिकामी फायबर होडी ७ नॉट सहज ओलांडते. ती ओलांडली की सवलत संपली.

१२ मीटरपर्यंतच्या बाकी यांत्रिक होड्यांना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि वर चौफेर पांढरा एवढा संच पुरतो. त्याहून मोठ्या होडीला चौफेर दिव्याच्या जागी दोन पांढरे लागतात: डोलकाठीवर पुढे २२५ अंशांत दिसणारा आणि मागे १३५ अंशांत दिसणारा. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५ अंश. बेरीज केलीत तर दोन्ही वेळा पूर्ण वर्तुळ भरतं, आणि सगळी युक्ती त्यातच आहे. कोणत्याही जागेवरून ठरावीक रंगच दिसतात, म्हणून दिशा कळते.

वल्ह्यांच्या होडीला किंवा ७ मीटरखालच्या शिडाच्या होडीला हे दिवे शक्य नसतील, तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी (टॉर्च) हाताशी पेटती किंवा तयार हवी. ती समोरच्याच्या डोळ्यांवर मारू नका. आपल्या शिडावर किंवा होडीवर मारा, म्हणजे आकार दिसतो.

फ्लडलाइटचा झगमगाट

सगळ्यात घातक चूक ही. डेकवर काम सोपं व्हावं म्हणून पांढरे फ्लडलाइट लावले जातात आणि जाळं आत आल्यावरही चालूच राहतात. त्या उजेडात लाल-हिरवा दिवा पार बुडून जातो. दुरून फक्त एक पांढरा गोळा दिसतो. होडी कोणत्या बाजूला चालली आहे ते कळत नाही. शिवाय सुकाणूवरच्या माणसाचेच डोळे दिपतात. अंधाराला डोळे नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक झलक ती कमाई घालवते. मोबाइलचा स्क्रीनही त्यातच मोडतो.

होकायंत्र आणि केबिनसाठी मंद लाल दिवा ठेवा, पण लाल उजेडात नकाशावरच्या लाल खुणा दिसेनाशा होतात हे लक्षात असू द्या. डेकचे दिवे वेगळ्या स्विचवर घ्या, तोंड खाली आणि आतल्या बाजूला करा, काम संपलं की बंद. मासे जवळ खेचून घेण्यासाठी एलईडीचे प्रखर झोत वापरण्यावर तर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदीच घातली आहे.

पर्यटनाच्या होड्यांवर हल्ली रंगीबेरंगी एलईडीच्या पट्ट्या दिसतात. फोटो छान येतात, पण नियमात बसणाऱ्या दिव्यांशी गोंधळ होईल किंवा ते झाकले जातील असा कोणताही दिवा लावायची मनाई आहे. डाव्या अंगाला हिरवी पट्टी म्हणजे उलटी पाटी.

जाळ्याचे दिवे बंदरापर्यंत

ट्रॉल, म्हणजे होडीमागून ओढायचं जाळं, ओढताना हिरव्याखाली पांढरा, इतर जाळ्यांनी मासेमारी करताना लालच्या खाली पांढरा, हे चौफेर दिवे. पाण्यात होडी पुढे सरकत असेल तर सोबत बाजूचे आणि मागचा दिवाही. ट्रॉल सोडून इतर जाळं होडीपासून १५० मीटरच्या पलीकडे पसरलं असेल, तर जाळ्याच्या दिशेला आणखी एक पांढरा. जाळं आत आलं की हे दिवे विझवायचे आणि साध्या यांत्रिक होडीचे लावायचे. ‘लोक वाट देतात’ म्हणून घरी येईपर्यंत ते चालू ठेवणं ही खोटी खूण आहे. समोरचा तुमच्या मागे जाळं आहे असं समजून वळसा घेतो आणि भलत्याच होडीच्या वाटेत शिरतो.

नांगरावर उलट चूक होते: लाल-हिरवे चालूच राहतात. नांगर टाकलेल्या लहान होडीला फक्त चौफेर पांढरा लागतो. मात्र इंजिन बंद करून नुसती वाहत असलेली होडी नांगरलेली धरत नाहीत. तिचे चालीचे दिवे चालू हवेत.

दिवा बसवला, पण वाकडा

बाजूचे दिवे नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, गोलाईवर चिकटवले की ते बाहेरच्या बाजूला तोंड करतात. मग नेमका समोरच अंधार राहतो. दिव्याची बैठक होडीच्या मध्यरेषेला समांतर हवी. त्यासाठी लाकडाची पाचर घालून कोन काढावा लागतो.

तपासणी सोपी आहे. होडी वाळूवर असताना, अंधार पडल्यावर, नाळेपासून सरळ समोर ५० मीटर चालत जा. लाल-हिरवा एकत्र असलेला दिवा असेल तर मध्यरेषेवर दोन्ही रंग दिसले पाहिजेत. तिथून बाजूला अडीच-तीन मीटर सरकलात की एक रंग विझायला हवा. दहा मीटर सरकूनही दोन्ही दिसत असतील तर बैठक चुकली आहे किंवा काच बदलायला झाली आहे.

चौफेर पांढरा दिवा १२ मीटरखालच्या होडीवर बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर उंच हवा. तो चालवणाऱ्याच्या डोक्याच्या खाली असेल तर पुढून झाकला जातो आणि वर डोळ्यांत चमकतो. नळी उंच घ्या आणि दिव्याखाली काळी तबकडी बसवा. ताडपत्रीचं छत घातल्यावर पुन्हा एकदा पाहून घ्या.

दिवा पेटतो, पण मिणमिणतो

इथे बल्ब बदलून काही होत नाही, कारण बहुतेकदा दोष तारेत असतो. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग थेट होल्डरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १२.६ आणि होल्डरवर ११.३ म्हणजे १० टक्के गळती. साध्या बल्बचा उजेड तेवढ्याने जवळपास एक तृतीयांशाने घटतो. ३ टक्क्यांपर्यंतची गळती ठीक. त्यानंतर तारेचा एकेक तुकडा मोजत जा: फ्यूज, स्विच, जोड, आणि निगेटिव्हची बाजू. ती कुणी तपासत नाही आणि गंज नेमका तिथेच धरलेला असतो. पिळून टेप गुंडाळलेला जोड खाऱ्या हवेत टिकत नाही. कथिल चढवलेली तांब्याची तार आणि आत गोंद असलेली आकसणारी नळी वापरा. तारेचं टोक हिरवं-काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा.

साधा बल्ब काढून पांढरा एलईडी बसवताना दोन खोड्या होतात. लाल काचेतून पांढऱ्या एलईडीचा उजेड फारच कमी बाहेर येतो, कारण त्याच्या प्रकाशात लाल भाग थोडा असतो. लाल काचेमागे लाल, हिरव्यामागे हिरवा एलईडी घ्या, किंवा प्रमाणित अखंड दिवाच बसवा. दुसरी खोडी वायरलेसची. हलक्या एलईडीतलं सर्किट व्हीएचएफवर, म्हणजे होडीच्या वायरलेसवर, खरखर सोडतं; अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये यावर इशाराही दिला होता. शांत चॅनेलवर स्क्वेल्च (वायरलेसवरचं खरखर दाबणारं बटण) खरखर नुकती थांबेल इतका फिरवा आणि मग दिवा लावा. खरखर परत आली तर तो दिवा १६ नंबर चॅनेलवरची मदतीची हाक झाकू शकतो.

जहाज लांब आहे, निघून जाऊ

लहान होडीच्या लाल-हिरव्या दिव्याची किमान पल्ल्याची अट फक्त १ समुद्री मैल आहे. जहाज १५ नॉटने आणि तुम्ही ६ नॉटने समोरासमोर असाल तर ते अंतर तीन मिनिटांच्या आत संपतं. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे ५०० मीटरपर्यंतचं पाणी ते चालवण्याच्या केबिनमधून (ब्रिजवरून) दिसत नसलं तरी ते नियमात बसतं. तुम्ही त्या पट्ट्यात गेलात की उत्तम दिवाही निरुपयोगी.

जहाजावर दोन पांढरे दिवे असतील तर पुढचा खाली, मागचा वर असतो. ते एकाखाली एक आले की जहाज थेट तुमच्यावर येत आहे. होकायंत्रावर त्याची दिशा बदलत नसेल आणि अंतर घटत असेल तर टक्कर ठरलेलीच. लवकर आणि ठळक वळण घ्या. मुंबई बंदरात शहराच्या उजेडात हे दिवे हरवतात, म्हणून तिथे वेग कमी. १२ नॉटला होडी सेकंदाला ६ मीटर जाते, आणि डोल जाळ्याच्या (पाण्यात एका जागी रोवलेल्या जाळ्याच्या) बोयांवर, म्हणजे तरंगत्या खुणांवर, दिवा असेलच असं नाही.

वाटेतच दिवा गेला तर

जहाजांच्या मार्गातून बाहेर पडा आणि वेग उतरवा. फ्यूज पाहा: पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, तार कुठे घासली ते शोधा. तोवर बॅटरीवर चालणारा चौफेर पांढरा दिवा नळीवर चढवा. तो आणि त्याचे सुटे सेल होडीत कायम ठेवा. कुणी जवळ येऊ लागला आणि त्याचा इरादा कळेना तर पाच किंवा अधिक छोटे, भराभर हॉर्न द्या, सोबत बॅटरीचे तितकेच झोत. जीव धोक्यात असेल तर १६ नंबर चॅनेल, आणि फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.