एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

दुकानाच्या ऑर्डर सिस्टिमला एआय एजंट, म्हणजे कामं स्वतः पार पाडणारं एआय मॉडेल, जोडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एजंटला तुमचा कोड दिसत नाही. तो तुमच्या सिस्टिममधली कामं टूलमार्फत करतो: एक टूल म्हणजे रिफंड देणं, ऑर्डर शोधणं असं एक काम. त्याच्या हाती पडतं ते टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कशी द्यायची याचा स्कीमा, म्हणजे आराखडा. मॉडेलला टूल वापरू देणारं, ओपनएआयने जून २०२३ मध्ये आणलेलं फंक्शन कॉलिंग असो की टूल जोडण्याची सामाईक पद्धत म्हणून अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला एमसीपी प्रोटोकॉल, मांडणी साधारण हीच. माणूस अडला तर शेजारच्या टेबलावर विचारून येतो. एजंट बरेचदा विचारत नाही, गाळलेली जागा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. म्हणून ‘हे काय सांगायचं, उघडच आहे’ असं जे वाटतं, ते आधी लिहून काढा.

नाव. ‘प्रोसेस’, ‘हँडल’ असली नावं टाळा. काय करायचं आणि कशाचं करायचं, दोन्ही नावातच दिसू द्या: ‘क्रिएट_रिफंड’, ‘सर्च_पेमेंट्स’. ‘गेट_ऑर्डर’ आणि ‘फेच_ऑर्डर’ अशी जुळी भावंडं एकाच यादीत असतील तर एक काढून टाका.

वर्णन. खरी मेहनत इथे आहे. ‘रिफंड प्रोसेस करते’ एवढीच ओळ बऱ्याच ठिकाणी सापडते. तिच्या जागी असं लिहा:

‘ग्राहकाने भरलेली सगळी किंवा काही रक्कम परत करते. ऑर्डर अजून पाठवलेली नसेल तर हे वापरू नका, “कॅन्सल_ऑर्डर” वापरा. रक्कम पैशांत द्या: ५०० रुपयांसाठी ५००००. रक्कम दिली नाही तर पूर्ण पैसे परत जातात. दिलेला रिफंड मागे घेता येत नाही. पेमेंट आयडी माहीत नसेल तर आधी “सर्च_पेमेंट्स” चालवा.’

‘कधी वापरू नये’ ही ओळ लोक हमखास विसरतात. ‘पैसे परत पाहिजेत’ असं ग्राहक तीन वेगवेगळ्या प्रसंगी म्हणतो: ऑर्डर रद्द करायची असते, माल खराब निघालेला असतो किंवा पैसे दोनदा कापले गेलेले असतात. यातल्या कुठल्या प्रसंगी कोणतं टूल, हे वर्णनातूनच कळायला हवं.

पैशांची ओळही शोभेची नाही. रेझरपे आणि स्ट्राइप या दोन्ही पेमेंट कंपन्यांचे एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यांच्याशी बोलायची सोय) रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात घेतात, म्हणजे रुपयांसाठी पैशांत. असे दस्तऐवज इंटरनेटवर पुष्कळ असल्याने मॉडेलला ती पद्धत ओळखीची असते. तुमचं टूल रुपये घेत असेल आणि तसं कुठे लिहिलेलं नसेल, तर ५०० च्या जागी ५०००० जायला वेळ लागणार नाही. मी तर एकक थेट पॅरामीटरच्या (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्याच्या) नावात घालतो: ‘अमाउंट_इन_पैसे’.

पॅरामीटर. ‘स्टेटस: ऑर्डरचा स्टेटस’ ही ओळ लिहिली काय, न लिहिली काय, सारखंच. चालणाऱ्या पर्यायांची यादीच द्या: पेंडिंग, पेड, फेल्ड. तारखेला नमुना हवाच. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. आणि या दोन तारखांच्या मध्ये आपलं आर्थिक वर्ष बदलतं. ‘२०२५-०४-०३ या स्वरूपात’ असं लिहिलं की गोंधळ मिटला. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की भारतीय, तेही सांगा. नाहीतर पहाटे ‘आजच्या ऑर्डर’ मागितल्यावर साडेपाच तासांच्या फरकाने कालच्या मिळतील.

एरर. एररचा संदेश हाही दस्तऐवजच आहे, कारण एजंट तो वाचूनच पुढचं पाऊल टाकतो. ‘एरर ४००’ वाचून त्याने काय करावं? त्यापेक्षा ‘रक्कम जास्त आहे. या पेमेंटवर आता जास्तीत जास्त ३२००० पैसे परत करता येतील’ असं कळवा. टाइमआउटसाठी, म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही तर, वेगळी सूचना हवी: ‘रिफंड झालेला असू शकतो. पुन्हा पाठवण्याआधी स्टेटस तपासा.’ ही ओळ नसेल तर एकाच ग्राहकाला दोनदा पैसे जाऊ शकतात.

एक सावधगिरी. ‘कृपया डेटा डिलीट करू नका’ असं वर्णनात लिहिणं म्हणजे कुलूप नव्हे. एमसीपीत टूल फक्त वाचतं की काही पुसतं, हे सांगणाऱ्या खुणा आहेत, पण त्या केवळ सूचना आहेत. खरी मनाई सर्व्हरवर, परवानग्यांमध्येच घाला.

शेवटी चाचणी. टेस्ट खात्यावर एजंटला नुसती वर्णनं द्या आणि ग्राहक बोलतो तशी मोघम विनंती करा: ‘मागच्या आठवड्यात दोनदा पैसे कापले, एकदाचे परत द्या.’ मग त्याने कोणतं टूल उचललं, कोणता आकडा भरला, हे लॉगमध्ये (कामाच्या नोंदींत) वाचा. चूक दिसली की प्रॉम्प्टला (एजंटला दिलेल्या सूचनांना) ठिगळ लावण्याआधी टूलचं वर्णन दुरुस्त करा, म्हणजे ते टूल वापरणाऱ्या प्रत्येक एजंटला त्याचा फायदा होईल. आणि कोड बदलला की वर्णनही त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या त्याच नोंदीत, बदला.