बैलांवर पिकवलेल्या धानाच्या ऊर्जेचा हिशेब वहीत असा मांडा

नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यात माझी एक एकराची बांधी, म्हणजे धानाचं शेत आहे. चिखलणी अजून बैलजोडीवरच. पोरगी कृषी पदविकेला गेली आणि विचारती झाली, "बाबा, आपल्या धानाला ऊर्जा किती लागते?" तेव्हापासून वही ठेवतो.

वहीत दिवस नाही, तास लिहायचे. तेही जू खांद्यावर असतानाचेच. पहिल्या साली मी बंडी घरून निघाल्यापासून मोजले, तर चहा, खर्रा, धुऱ्यावरच्या गप्पा सगळं बैलांच्या नावावर चढलं! आता जू चढवलं की मोबाईलचं घड्याळ सुरू, सोडलं की बंद. चिखलातून पाय उपसताना बैलाची कूस भात्यासारखी हलू लागली, तोंडाला फेस आला, की थांबायचं. तेवढा वेळ वजा करा. वही भरायला बैलांना तुतारी, म्हणजे टोचणीची काठी, लावू नका.

मग गुणाकार. मेगाज्यूल हे ऊर्जेचं माप. मध्यम बैलजोडीचा तास १०.१० मेगाज्यूल धरतात, पुरुषाचा १.९६, बाईचा १.५७, डिझेलचा लिटर ५६.३१. माझी नांगरणी, चिखलणी आणि पाटा (चिखल सपाट करणं) मिळून जोडीचे २८ तास झाले, म्हणजे २८३. मागे चालणारा मी, ५५. रोवण्याला १२ बाया सात-सात तास, १३२. (कंबर त्यांची मोडते अन् आकडा एवढासा. मला हे पटत नाही, पण रीत तशी आहे.)

खत लिहिताना मात्र जपून. मी युरियाची ४५ किलोची अख्खी गोणी ६०.६० नं गुणली, पोरगी हसली. तो आकडा नत्राच्या किलोचा. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत २०.७ किलो. तरी १२५४ मेगाज्यूल झाले! माझ्या जोडीनं १२४ तास ओढलं तर एका गोणीची बरोबरी होते. मी तर दोन गोण्या टाकत होतो आणि पारावर बैल बरे की ट्रॅक्टर यावर भांडत होतो.

तणस, ढेप वेगळ्या पानावर. बैल रिकाम्या दिवशीही खातो, ते तासांत मिसळू नका.

यंदा एक गोणी कमी केली. तिच्या बदली धुऱ्यावरच्या गिरिपुष्पाच्या झाडांचा कोवळा पाला छाटून चिखलणीत तुडवला. पाला बंडीनं आणायला जोडीचे तीन तास वाढले, तेही लिहिलेत.