पांढऱ्या सिरॅमिक घड्याळावरचे हट्टी डाग: या चुका टाळा

पांढऱ्या सिरॅमिक घड्याळावर करडी रेघ दिसली की माणूस आधी हळहळतो आणि मग हाताला येईल ते घेऊन घासायला बसतो. कुणी टूथपेस्ट घेतं, कुणी लिंबू, कुणी थेट भांड्याची तारेची घासणी. एवढं महागाचं घड्याळ आणि त्याला घासणी! यात नुकसान होतं ते बहुतेक वेळा सिरॅमिकचं नसतंच. मागचं स्टीलचं झाकण, वेळ लावायच्या चावीपाशी बसवलेली रबरी रिंग, काचेवरचं कोटिंग, पट्टा, यांची वाट लागते. सिरॅमिक आपलं शाबूत असतं.

या घड्याळांचं सिरॅमिक म्हणजे कपबशीची चिनी माती नव्हे. ते झिर्कोनियम ऑक्साइड, म्हणजे झिर्कोनिया, असतं. त्यात थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळतात, पूड साच्यात दाबतात आणि साधारण १४०० ते १५०० अंश सेल्सिअसला भाजतात. भाजून निघालं की त्यात छिद्रं जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे डाग आत मुरत नाही, वरच बसून राहतो. राडोने १९८६ मध्ये सिरॅमिकचं इंटिग्रल काढलं, शनेलचं पांढरं जे-१२ २००३ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये अ‍ॅपलनेही पांढऱ्या सिरॅमिकचं घड्याळ विकायला काढलं. आता अशी घड्याळं वापरलेल्या मालातही मिळतात, आणि डागांच्या तक्रारी तिथूनच जास्त येतात, कारण आधीच्या मालकाने काय काय फासलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

ओरखडा समजून बफिंगला, म्हणजे चाकावर घासून चमकवायला, नेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सिरॅमिकचा कठीणपणा विकर्स या कठीणपणाच्या मापात १२०० च्या आसपास असतो, घड्याळाच्या स्टीलचा २०० च्या आतबाहेर. दोन्ही एकमेकांवर घासले की झिजतं ते स्टील, आणि त्याचा पातळ थर सिरॅमिकवर उमटतो. घरच्या पांढऱ्या ताटलीवर चमच्याच्या करड्या रेघा उठतात ना, तोच प्रकार. नांदेडकडे मनगटात स्टीलचं कडं घालणारे पुष्कळ. कडं आणि घड्याळ एकाच हातात असेल, तर केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, त्या बाजूला करडा पट्टा उठणारच. लॅपटॉपची कड, दुचाकीची किल्ली, गेटची कडी, वाळूजच्या कारखान्यातलं लेथ मशीन, सगळ्यांचे वळ एकसारखेच दिसतात. सोन्याची बांगडी मात्र पिवळट, चकाकणारी रेघ सोडते.

ओळखायचं कसं? नखाची कड त्या रेघेवरून आडवी फिरवा. नख अडखळलं नाही तर तो धातूचा थर. अडखळलं तर खरंच टवका किंवा चीर असू शकते, त्याबद्दल शेवटी बोलू.

कोपऱ्यावरच्या घड्याळजींचं बफिंगचं चाक दिवसभर स्टील आणि पितळ घासत असतं. त्या चाकात अडकलेला धातू तुमच्या पांढऱ्या केसवर येतो आणि रेघेच्या जागी मोठा काळपट पट्टा घेऊन तुम्ही घरी परतता. यात कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. स्टीलवर त्याचा हात उत्तम असेल. सिरॅमिक पॉलिश करायला हिऱ्याची पेस्ट लागते आणि ती बहुतेक ठिकाणी नसते. तारेच्या घासणीचंही तेच. ती सिरॅमिकला ओरबाडू शकत नाही, फक्त स्वतःचं स्टील त्यावर सोडते. जितकं घासाल तितकं करडं होईल, आणि तुम्हाला वाटेल की डाग फारच चिवट आहे.

मग काढायचं कशाने? आधी साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या. शाईचा निळा खरबरीत रबर नको. रेघेच्या दिशेने, बोटाचा जोर बेताचाच ठेवून घासत राहा. रबराचा चुरा करडा व्हायला लागला की समजायचं, थर सुटतोय. ताज्या खुणा एवढ्यावर जातात. राहिलंच तर भांड्यांसाठी मिळणारं धातूचं क्रीम पॉलिश मुगाच्या दाण्याएवढं सुती कापडावर घ्या. त्याआधी काच, चावी आणि मागचं झाकण कागदी चिकटपट्टीने झाका. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि पॉलिश चावीच्या फटीत जाऊन वाळतं. मग चावी ओढताना कचकचते. सोन्याच्या रेघेवर लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नका. सोनं असल्या आंबटाला दाद देत नाही, ते घासूनच निघतं.

मॅट फिनिशचं सिरॅमिक असेल तर पॉलिशला हात लावू नका. तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकायला लागतो आणि तो चट्टा परत मॅट करता येत नाही. तिथे फक्त खोडरबर, नाहीतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

हळदीवर आधी पाणी ओतणं

हिंगोली, वसमत, नांदेड म्हणजे हळदीचा पट्टा. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात येते, तेव्हा हवेतसुद्धा पिवळी पूड असते. लग्नातली हळद वेगळीच. नवरदेवाच्या मित्राने हौसेने घातलेलं पांढरं घड्याळ संध्याकाळी ओळखू येत नाही.

पूड कोरडी असेल तर तिला पाणी दाखवू नका. मऊ ब्रशने, रंगकामाचा नवा ब्रशही चालतो, आधी सगळी झटकून काढा. गुलालालाही हाच नियम. पाणी लागलं की पुडीचा लगदा होतो आणि बेझेलवरच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावरच्या, कोरलेल्या आकड्यांत, पट्ट्याच्या पिनेच्या भोकात जाऊन बसतो.

दुसरी गंमत साबणाची. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, अल्कलीत, साबणासारख्या क्षारात, लालसर तपकिरी होतं. साबण लावला की पिवळ्याचा लाल डाग दिसतो आणि लोक घाबरून आणखी साबण चोळतात. हळदीचे डाग पडलेले कपडे धुताना हा लालपणा आपल्या बायाबापड्यांनी हजारदा पाहिलेला असतो, पण घड्याळावर दिसला की धीर सुटतो. काही बिघडलेलं नसतं, साध्या पाण्याने पुसलं की पुन्हा पिवळं होतं. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यामुळे मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, नसेल तर सर्जिकल स्पिरिट. कापूस गुंडाळलेली काडी त्यात बुडवून, निथळून, डागावर फिरवा. कापूस पिवळा झाला की टाकून द्या, नवी काडी घ्या. तीच काडी फिरवत राहिलात तर डाग नुसता पसरतो.

एवढं करूनही आकड्यांच्या खाचेत फिकट पिवळं राहिलं तर ऊन कामाला येतं, कर्क्युमिनचा रंग उन्हात उडतो. पण ऊन म्हणजे मराठवाड्यातला मे महिन्यातला गच्चीवरचा स्लॅब नव्हे! तिथे केस इतकी तापते की बॅटरी आणि तेल दोन्ही धोक्यात येतात, पट्ट्याचा गोंद सुटतो. सकाळचं कोवळं ऊन, खिडकीत, डाग वर करून ठेवायचं, मधूनमधून हात लावून बघायचं. कातडी किंवा कापडी पट्टा आधी काढून ठेवा. पट्ट्यावर बसलेली हळद वेगळी गोष्ट आहे, ती सिरॅमिकसारखी सुटत नाही.

मेंदी आणि केसांचा काळा रंग हळदीपेक्षा चिवट. ताजा असेल तर लगेच अल्कोहोलने पुसा. वाळला असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फक्त सिरॅमिकवर दहा मिनिटं ठेवा, उचला, ओल्या फडक्याने पुसा. घाई असेल त्यांनी दोनदा करा, पण घासू नका. बॉलपेनची शाई आणि मार्कर अल्कोहोलने जातात. स्टिकरचा चिकटपणा खोबरेल तेलाने सुटतो, नंतर साबणाचं फडकं.

बाथरूमचं अ‍ॅसिड, ब्लीच आणि बोअरचं पाणी

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला पांढरा थर साचतो तसाच तो घड्याळावरही साचतो. पांढऱ्यावर पांढरा असल्याने महिनोनमहिने दिसत नाही. मग त्यावर घाम, साबण आणि काळ्या मातीची धूळ चिकटते आणि एक दिवस घड्याळ पिवळं पडल्यासारखं वाटायला लागतं. पट्टा काढून कानांची, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांची, आतली बाजू उजेडात धरा. पिन बसते तिथे, कोपऱ्यात, तपकिरी घट्ट गाळ दिसेल. वरची चकाकणारी बाजू पुसून पुसून थकलेले लोक इथे कधी बघतच नाहीत, आणि वासही इथूनच येतो. लाकडी दातकोरण्याचं टोक पाण्यात जरा मऊ करून हा गाळ खरवडा, सुई वापरू नका. उरलेल्या थराला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूफूल, चिमूटभर पाण्यात विरघळवून काडीने लावा. दोनेक मिनिटांनी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. पिनेच्या गंजाने उठलेला तांबडा डागही यानेच फिका पडतो. ती गंजलेली पिन मात्र बदला, नाहीतर डाग परत येतो आणि एखाद्या दिवशी पिन तुटून घड्याळच खाली येतं.

सनस्क्रीन लावणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. काही सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन असतं, ते पाण्यातल्या लोहाशी मिळून नारंगी डाग पाडतं. हा गंज नसतो, पण इलाज तोच, लिंबूफूल.

ज्यांना वाटतं की लिंबूफुलाने एवढं होतं तर संडासच्या अ‍ॅसिडने झटक्यात होईल, त्यांनी हात आवरावा. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. झिर्कोनियाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण मागचं झाकण, बकल आणि पिना स्टीलच्या असतात आणि त्यांना बारीक खड्डे पडतात. ब्लीचही तसंच, त्यातलं क्लोरीन स्टीलला खातं आणि रबरी रिंग कडक करतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तेव्हा विषय घड्याळाचा राहत नाही.

वॉटर रेझिस्टंट लिहिलंय म्हणून वाटीत बुडवणं

३० मीटर लिहिलेलं घड्याळ ३० मीटर खोल नेण्यासाठी नसतं. हात धुताना उडालेले थेंब सोसेल, एवढंच. जुन्या घड्याळात रबरी रिंग सुकलेली असते, तिथे छापील आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. गरम पाणी आणि वाफ तर नकोच. चष्म्याच्या दुकानातल्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये सुटी कडी किंवा पट्टा टाका, चालू घड्याळ नाही. आणि काहीही ओलं लावण्याआधी चावी आत दाबलेली आहे का ते पाहा. तारीख लावताना अर्धवट ओढून ठेवलेली चावी ही पाणी शिरण्याची सोपी वाट आहे.

सिरॅमिक नसलेल्याला सिरॅमिकचे उपाय

स्वस्तात मिळालेलं पांढरं घड्याळ बऱ्याचदा धातूवर पांढरा रंग चढवलेलं असतं, किंवा प्लास्टिकचं. कानांच्या टोकाला किंवा पिनेच्या भोकाशी भिंगाने पाहा. टवक्याखाली धातू दिसला तर ते सिरॅमिक नव्हे. पांढरं प्लास्टिक उन्हाने आतूनच पिवळं पडतं, ते घासून जात नाही. अशा घड्याळावर वर सांगितलेली पॉलिश, अल्कोहोल काहीच लावू नका. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, बस्स. नेलपॉलिश रिमूव्हर तर रंगाचा पापुद्राच काढतं. मॅजिक स्पंज म्हणून मिळतो तोही बारीक पॉलिश पेपरच असतो. गुळगुळीत सिरॅमिकवर चालतो, पण काचेवर गेला तर वरचं कोटिंग झिजवतो.

न जाणारी केसाएवढी काळी रेघ

नखाला अडखळणारी रेघ उरली होती. सिरॅमिक कठीण असतं तसंच ठिसूळही असतं. स्टीलच्या केसला पोचा पडेल तिथे याला तडा जातो, आणि शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडलं तर टवका उडतो. तड्यात घाम आणि धूळ शिरली की बारीक काळी रेघ दिसते. ती पुसली की फिकी होते, दोन दिवसांनी परत गडद होते. खोडरबराने जाणारी खूण अशी परतून येत नाही. शंका असेल तर भिंग लावून रेघ कुठवर जाते ते पाहा. धातूची रेघ पृष्ठभागावर कुठेही संपते. तडा बहुतेक वेळा कडेपाशी, भोकापाशी किंवा मार लागलेल्या कोपऱ्यापासून निघतो आणि कधीकधी आतल्या बाजूलाही दिसतो.

अशा रेघेवर काहीही लावू नका. प्रत्येक द्रव आत शिरतो, आणि दाबून घासलं तर तडा वाढतो. घड्याळ पाण्यापासून लांब ठेवून थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. तडा गेलेली केस भरून मिळत नाही, बदलावीच लागते, आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून आधी लेखी अंदाज मागा. घड्याळ हातात देताना "डाग आहे, पुसून द्या" असं सांगू नका, "कोपऱ्यात तडा आहे का ते बघा" असं स्पष्ट सांगा. नाहीतर काउंटरवरचा माणूस आधी फडकंच उचलेल. आत्तापर्यंत काय काय लावलंय, तेही लपवू नका. पॉलिशचे कण आत गेले असतील तर मशीन उघडतानाच त्याला ते माहीत असलेलं बरं.