चेनसॉ घेण्याआधी झाडाला सुतळी लावा: बार, ताकद आणि सीसी कसे जुळवायचे

सांगली-साताऱ्याकडच्या शेती अवजारांच्या दुकानात चेनसॉ मागितला की बहुतेक वेळा एकच मशीन काउंटरवर येतं: ५८ सीसी (इंजिनच्या सिलिंडरचं आकारमान), २२ इंची बार (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ती). बांधावरच्या बाभळीला तेच, द्राक्षबाग काढायला तेच, जळणालाही तेच. लांब बार बघून गिऱ्हाईक खूश होतं आणि पहिल्याच वाळलेल्या चिंचेत मशीन गुदमरतं. म्हणून क्रम उलटा धरायचा. आधी लाकूड मोजायचं, त्यावरून बार ठरवायचा, बारवरून ताकद, आणि सीसीचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

लाकूड मोजणं

जिथे काप घ्यायचा तिथे खोडाभोवती सुतळी गुंडाळा, ती टेपवर मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर १५० सेंमी भरला तर व्यास सुमारे ४८ सेंमी, म्हणजे १९ इंच. वर्षभरात जी कापायची आहेत त्या सगळ्यांची मापं अशीच लिहून काढा. मशीन सगळ्यात जाड झाडासाठी घेऊ नका, दहातल्या आठ कापांसाठी घ्या. उरलेल्या एखाद्या जुन्या आंब्यासाठी मोठं मशीन आणि ते चालवणारा माणूस रोजावर आणणं केव्हाही स्वस्त.

बारची लांबी

बारचं माप म्हणजे मशीनच्या अंगापासून बारच्या टोकापर्यंतची कापणारी लांबी. एकाच बाजूने पार करायचं असेल तर व्यासापेक्षा २ इंच जास्त बार हवा. आडव्या ओंडक्याला दोन्ही बाजूंनी काप घेता येत असतील, तर १६ इंची बार २४ इंची ओंडका सहज उतरवतो. म्हणजे वरच्या १९ इंची खोडासाठी २२ इंची बार लागतोच असं नाही.

लांब बारचा तोटा इथे आहे: लाकडात जितके दात एका वेळी गुंततात, तितका भार इंजिनवर येतो. इंजिन लहान असेल तर चेनचा वेग पडतो, माणूस वरून दाबायला लागतो, क्लच घसरून तापतो. त्यात लहान मशीनचा ऑईल पंप लांब बारच्या टोकापर्यंत तेल पुरवू शकत नाही. बारचं टोक निळसर पडलेलं दिसलं तर हेच झालंय असं समजा.

ताकद

ढोबळ मेळ असा. ३० ते ३५ सीसी, १.२ ते १.५ किलोवॅट: १२ ते १४ इंची बार, फांद्या आणि मांडीएवढं लाकूड. ४० ते ५० सीसी, २ ते २.५ किलोवॅट: १६ ते १८ इंच. बहुतेक शेतकऱ्यांचं काम इथेच संपतं. ५५ ते ६५ सीसी आणि ३ किलोवॅट किंवा जास्त: १८ ते २० इंच, रोज झाडं पाडणाऱ्यांसाठी. ७० सीसीच्या पुढे, ३.५ ते ४ किलोवॅट: २० ते २५ इंच. ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडायच्या असतील तर ७० सीसीखाली जाऊच नका. चेनही वेगळी लागते: नेहमीच्या चेनचे दात ३० अंशांत घासतात, फळ्यांच्या चेनचे १० अंशांत.

आता स्टिकर. नुसत्या सीसीवर विश्वास ठेवू नका, किलोवॅट किंवा एचपी विचारा. १ एचपी म्हणजे ०.७५ किलोवॅट. ५० ते ६० सीसीची उत्तम व्यावसायिक मशीनंही ३ ते ३.५ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ४ ते पावणेपाच एचपी देतात. स्वस्त डब्यावर ५८ सीसीला ६ एचपी छापलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या. सीसीही पडताळता येतो. माहितीपुस्तिकेत सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दिलेला असतो. व्यास गुणिले व्यास गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५, भागिले १०००. ४५ मिमी व्यास आणि ३४ मिमी स्ट्रोक असेल तर उत्तर ५४ येतं, स्टिकरवर काहीही असो. ५४ सीसी वाईट नाही, पण त्यावर २२ इंची बार लावून वाळकी बाभूळ कापायची असेल तर जास्तीच होतं. अशा मशीनला १८ इंची बार-चेन बसवली की तेच मशीन सुधारल्यासारखं वाटतं.

लाकडाचा जातभेदही धरा. ओली सुबाभूळ, निलगिरी, सिल्व्हर ओक भराभर कापतात. वाळलेली बाभूळ आणि चिंच चिवट आणि कडक. तिथे मशीन मोठं करण्याऐवजी बार एक माप कमी करा आणि चेन दुप्पट वेळा घासा.

इकडच्या कामांतले खाचखळगे

तासगाव-मिरजेकडे जुनी द्राक्षबाग काढताना खोड फार तर ४-५ इंची असतं, १२ ते १४ इंची बार पुरतो. अडचण लाकडाची नसते, तारेची असते. ओलांड्याजवळ (वेलीचा तारेवर आडवा वळवलेला फाटा) बांधलेली तार वर्षानुवर्षं खोडात रुतून जाते आणि सालीवरून दिसत नाही. म्हणून आधी तारा सोडवा, काप ओलांड्याच्या बराच खाली आणि जमिनीपासून वीतभर वर घ्या. अगदी जमिनीलगत घेतला तर चेन मातीला लागते आणि एका झटक्यात बोथट होते.

बांधावरच्या बाभळीत आणि चिंचेत खिळे, काटेरी तार हमखास सापडते. या झाडांतल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन लाकूड काळंनिळं पडतं. कापात असा डाग दिसला की तिथेच थांबा आणि हातभर वर किंवा खाली नवा काप घ्या. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या झाडांची गोष्ट वेगळी. सालीच्या भेगांत गाळ बसतो आणि तो कानशीसारखं काम करतो. कापाच्या जागेची साल आधी कुऱ्हाडीने काढा.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे इंजिनची ताकद दहा टक्क्यांहून जास्त घटते आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन धूर येतो. कार्ब्युरेटरच्या स्क्रूने पेट्रोल कमी केलं की मशीन छान पळतं. तेच मशीन न बदलता खाली कराडला आणून जोरात चालवलं तर पेट्रोल, आणि त्यासोबतचं ऑईलही, कमी पडून पिस्टन सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. घाट उतरल्यावर स्क्रू पुन्हा जागेवर आणा.

वीज आणि बॅटरी

डाळिंब-द्राक्षाच्या मनगटाएवढ्या फांद्यांना ४ ते ६ इंची बॅटरीचा छोटा सॉ पुरे. घराजवळ जळण तोडायला २,००० वॅटचा विजेवरचा चेनसॉ चांगला, पण तो साधारण ९ अँपिअर ओढतो. ५० मीटर लांब १.५ चौरस मिमी वायरीत व्होल्टेज १० व्होल्टहून जास्त घटतं, म्हणून वायर २.५ चौरस मिमीची घ्या.

चेन आणि तेल

नवी चेन घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पिच (कड्यांमधलं अंतर, इंचात), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या कड्यांची जाडी) आणि त्या खालच्या कड्यांची संख्या. नुसतं "१८ इंची द्या" म्हणू नका, आकडे बारवर कोरलेले असतात. गोल कानस पिचप्रमाणे: लो प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) ३/८ ला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. काप घेताना खाली चिपट्या पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर थांबून घासा. प्रत्येक दाताला सारखेच फेरे द्या, नाहीतर काप एका बाजूला वळतो.

पेट्रोलमध्ये २टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑईल पुस्तिकेप्रमाणेच: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. डोळ्याच्या अंदाजाने ओतायचं नाही. चेनला ट्रॅक्टरचं काढलेलं ऑईल घालायची सवय सगळीकडे आहे, आणि त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार दोन्ही झिजतात. पेट्रोलची टाकी संपली तरी चेन ऑईलची भरलेलीच असेल, तर तेल बारपर्यंत पोहोचत नाही. बारची खाच आणि तेलाचं भोक साफ करा.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला की मशीन थेट तोंडाकडे उसळतं. बार जितका लांब, तितकं टोक नजरेआड. खांद्याच्या वर काप घेऊ नका, शिडीवर चढून तर नाहीच. तोंडापुढे काच असलेलं हेल्मेट, कानाला मफ, पायात बूट.

साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा ही झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज कुठे द्यायचा ते जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारा. शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे नगरपालिका किंवा महापालिकेत जायचं. परवानगीचा कागद हातात आल्यावरच टाकीत पेट्रोल भरा.